गाडीतील अ‍ॅम्प्लिफायर तापतो : आधी कारण शोधा, मग खर्च करा

भिवंडीहून माल भरून वाशीला येताना आमची गाडी म्हणजे फिरते गोदामच असते. मुलाने हौसेने तिच्यात मोठे स्पीकर व अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला आणि आठ दिवसांत तक्रार सुरू झाली. अर्धा तास वाजला की आवाज बंद. थंड झाला की पुन्हा सुरू. फ्यूजही दोनदा उडाला. बसवणाऱ्याने ४० अँपिअरचा फ्यूज काढून ८० चा टाकला. फ्यूज उडणे थांबले, आम्हीही निश्चिंत झालो. पण एके दिवशी मागच्या सीटखाली दाबून ठेवलेले तागे बाहेर काढले, तर कापड गरम लागले आणि त्याखालच्या वायरचे आवरण मऊ पडलेले दिसले. अशा आणखी काही फेऱ्या झाल्या असत्या तर मालासकट गाडी गेली असती.

एका दुकानदाराने नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचा सल्ला दिला. तुर्भ्याच्या एका जुन्या कारीगराने मात्र आधी मल्टीमीटर हातात घेतला. त्याच्याकडून आम्ही जे शिकलो ते आपल्या व्यापारी व कारीगर बंधूंपुढे ठेवीत आहोत.

पहिली गोष्ट ही की, अ‍ॅम्प्लिफायर कोमट होणे हा दोष नव्हे. ‘ए-बी’ वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या आवाजातही घेतलेल्या विजेपैकी जवळजवळ निम्मी उष्णतेत घालवतो. २०० वॅट आवाज काढायचा तर ढोबळ हिशेबाने बॅटरीकडून ४०० वॅट वीज लागते. उरलेल्या २०० वॅटची उष्णता होते. म्हणजे १०० वॅटचे दोन दिवे कापडाखाली झाकून पेटवल्यासारखेच झाले. ‘डी’ वर्गाचे अ‍ॅम्प्लिफायर कमी तापतात, पण तापतात. हात टेकवत नसेल आणि आवाज आपोआप बंद पडत असेल, तर आतले संरक्षण काम करीत आहे असे समजावे. हा इशारा आहे. त्याचे कारण पुढील क्रमाने शोधावे.

हवा : अ‍ॅम्प्लिफायरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतात. त्यांच्याभोवती दोन-तीन इंच जागा मोकळी हवी. वर गालिचा, तागे, पिशव्या नकोत. बाजार समितीच्या आवारात दुपारभर बंद उभी राहिलेली गाडी आतून आधीच तापलेली असते. काचा उघडून गरम हवा जाऊ द्यावी, मगच आवाज वाढवावा.

स्पीकरची जोडणी : ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहम होतो आणि प्रवाह जवळपास दुप्पट. आमच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पुस्तिकेत त्या जोडणीसाठी किमान ४ ओहम लिहिले होते. फ्यूज उडत होता तो यामुळेच. मीटरवर ४ ओहमचा स्पीकर थोडा कमी, तीन-साडेतीनच्या आसपास दिसतो, हे ध्यानात ठेवावे.

वायर व अर्थ : प्रवाह दुप्पट झाला की वायरमधील उष्णता चौपट होते, हा नियम जेम्स जूल यांनी १८४१ साली मांडला. म्हणून वायर पुरेशी जाड हवी. बाजारात वरून तांबे आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी वायरही मिळते. ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरी दिसली तर ती शुद्ध तांब्याची नव्हे. अ‍ॅल्युमिनियम तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे ६० टक्केच वीज वाहते. सुती म्हणून मिश्र कापड विकावे, तसाच हा प्रकार. अर्थची वायर आखूड ठेवावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळावी. खाडीकाठच्या दमट हवेत तो स्क्रू गंजतो, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा तपासावा. गाणे जोरात चालू असताना बॅटरीवर आणि अ‍ॅम्प्लिफायरवर व्होल्ट मोजावेत. फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक असेल तर दोष वायरीत किंवा सांध्यात आहे.

गेन : हे आवाजाचे बटण नव्हे. ते शेवटपर्यंत फिरवले की आवाज फाटतो आणि अ‍ॅम्प्लिफायर अकारण तापतो. आवाज स्वच्छ असेल तेथेच थांबावे.

फ्यूज : सर्वांत महत्त्वाचे हेच. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीला आगीपासून वाचवण्यासाठी असतो. तो वायरीच्या क्षमतेप्रमाणे व बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असावा. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज टाकणे म्हणजे ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचे तोंड बांधणे होय.

हे सर्व झाल्यावरही उष्णता राहिली तरच छोटा पंखा बसवावा. आमच्या गाडीत पंख्याची गरज पडली नाही. स्पीकरची जोडणी बदलली, वायर तांब्याची घातली, ४० चा फ्यूज परत आला आणि अ‍ॅम्प्लिफायर मालापासून दूर, उघड्या जागी गेला. नवा अ‍ॅम्प्लिफायर घेतला असता तर त्याच वायरीवर तोही तापला असता.

कारीगर बंधूंना आमची विनंती आहे की, आधी मोजा, गिऱ्हाइकाला कारण दाखवा, मग पैसे सांगा. त्या तुर्भ्याच्या कारीगराकडे आता आमच्या ओळखीच्या चार गाड्या जातात. आणि व्यापारी बंधूंनी वायरीत व फ्यूजमध्ये काटकसर करू नये; तेथे वाचलेले शे-दोनशे रुपये गाडीभर मालाच्या जिवावर उठू शकतात.