संगणकाच्या सेटअप-पडद्याची नोंद

शेताच्या बांधावरून वाद निघाला म्हणजे पटवाऱ्याकडील नकाशा उघडावा लागतो. नकाशा नसेल, तर जितकी तोंडे तितके बांध! आमच्या बालाघाट जिल्ह्यातील वाचकांस हे निराळे सांगावयास नको. संगणकाचेही तसेच आहे. त्याच्या मूळ मांडणीची नोंद बिघाडापूर्वी करून ठेविली, तरच ती बिघाडानंतर कामास येते. ही नोंद कशी करावी, याचा विचार आपण येथे करू.

संगणक चालू करताच विंडोज किंवा लिनक्स एकदम सुरू होत नाही. त्याआधी मुख्य फलकावरील एका चिपमध्ये साठविलेली आज्ञावली जागी होते. तिला फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत ती बायोस या नावाची असे; आजच्या यंत्रांत यूईएफआय असते. यंत्र सुरू होत असता डिलीट किंवा एफ२ (काही यंत्रांत दुसरी एखादी) कळ दाबली, की तिचा सेटअपचा पडदा उघडतो. तारीख, वेळ, कोणत्या डिस्ककडे प्रथम पाहावे तो क्रम, डिस्क चालविण्याची पद्धत, या गोष्टी तेथे ठरतात.

मुख्य फलकावर नाण्यासारखी एक बॅटरी असते. तिचे नाव सीआर२०३२. व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर, हाच या आकड्यांचा अर्थ. संगणक बंद असता घड्याळ तिच्यावर चालते, आणि पुष्कळ यंत्रांत ही मांडणीही तिच्याच आधारे टिकते. ती संपली, की मांडणी कारखान्यातील मूळ स्थितीवर जाते. डिस्क चालविण्याची पद्धत अशा वेळी बदलली, तर डिस्क शाबूत असूनही विंडोज उघडेनासे होऊ शकते. परीक्षेच्या आदल्या दिवशी शाळेच्या संगणकखोलीत असे घडले, तर नोंदीचे मोल सर्वांस कळेल.

मग प्रिंट स्क्रीन ही कळ दाबून चित्र का घेऊ नये? १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये ही कळ पडद्यावरील अक्षरे खरोखरच छपाईयंत्राकडे धाडीत असे, व ते काम बायोसच करी. आज चित्र टिपण्याचे काम विंडोजसारखी कार्यप्रणाली करते. आणि सेटअपच्या वेळी ती सुरूच झालेली नसते. म्हणून कळ दाबली तरी काही होत नाही.

यावर उपाय यूईएफआयमध्येच आहे. फॅट पद्धतीने आखलेली डिस्क तिला वाचता येते. असूस, एमएसआय, गिगाबाइट यांच्या अनेक फलकांत पुढीलप्रमाणे चित्र घेता येते :

१. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावा. त्यातील मजकूर पुसला जातो. म्हणून तो आधी दुसरीकडे उतरवून घ्यावा.

२. पेन ड्राइव्ह लावून संगणक चालू करावा व सेटअपमध्ये जावे.

३. आत गेल्यावर एफ१२ दाबावी. प्रत्येक पानाचे चित्र क्रमाने घ्यावे.

४. कोणताही बदल न करता, 'बदल जतन न करता बाहेर' असा पर्याय निवडून बाहेर पडावे.

ही सोय ज्या यंत्रात नाही, तेथे फोनचा कॅमेरा चालेल. फ्लॅश बंद ठेवावा, फोन पडद्यासमोर सरळ धरावा, आणि खिडकीचा उजेड पडद्यावर पडू देऊ नये. अक्षरे वाचता येतात की नाही, हे तेथेच पाहून घ्यावे.

चित्रांस यंत्राचा क्रमांक व तारीख यांचे नाव द्यावे. ती त्याच संगणकात ठेवू नयेत; संगणकच उघडला नाही, तर आतील चित्रांचा उपयोग काय? दुसऱ्या यंत्रात एक प्रत ठेवावी, व एक कागदावर छापून संगणकखोलीच्या वहीत चिकटवावी. शाळेच्या यंत्रांवर हे काम शिक्षकांच्या अनुमतीनेच करावे. बॅटरी बदलल्यावर ही वही समोर ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी, म्हणजे यंत्र पूर्ववत् करण्यास अंदाजाची गरज उरणार नाही.