दोन बॅटऱ्या, एकच बोल्ट

पिकअपमध्ये कॅम्पिंगसाठी दुसरी बॅटरी बसवून घेताय आणि बिलावर नुसतं ‘ड्युअल बॅटरी किट, १ नग, लेबरसह’ असं लिहिलंय? मग पैसे देऊ नका. केबल किती स्क्वेअर एमएमची, फ्यूज किती अँपिअरचे आणि नेमके कुठे, दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर कुठल्या बनावटीचा, हे ओळीवार लिहून घ्या. मी मागितलं होतं. ‘‘सर, आपल्यात कसला आलाय कागद!’’ म्हणत दुकानाच्या मालकाने चहा मागवला. तो चहा मला फार महाग पडला.

गाडी बीएस-६ आहे, हे मी त्याला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. साधा रिले चालेल की डीसी-टू-डीसी चार्जर लागेल, हेही विचारलं होतं. बीएस-६ लागू झाल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या हुकमावर चालतो. पुढची, म्हणजे गाडीची मूळ बॅटरी भरली की इंधन वाचवायला तो व्होल्टेज उतरवतो. व्होल्टेज बघून चालणारा रिले साधारण १३.३ला जोडतो आणि १२.८च्या आसपास तोडतो. अल्टरनेटरनेच वाटेत व्होल्टेज त्याखाली आणलं, तर रिले टकटक करत बसणार आणि मागची बॅटरी उपाशी राहणार. हे मी माझ्या तोंडाने त्याच्यापुढे बोललो होतो. उत्तर आलं, ‘‘शेकडो गाड्या केल्यात सर, तुम्ही बिनधास्त जा.’’

बिनधास्त गेलो. मेअखेरीचे दिवस, भंडारदऱ्याला काजवे बघायला. शुक्रवारी रात्री रतनवाडीच्या अलीकडे मुक्काम टाकला, मेहुणा आणि त्याची मुलं बरोबर. हौद्यात फ्रीज, दोन एलईडी पट्ट्या, एक छोटा पंखा, बाकी मोबाइल. फ्रीजमध्ये बॅटरी वाचवायची सेटिंग असते, ती मी सगळ्यात खाली ठेवली होती. का नाही ठेवायची? मागची बॅटरी संपली तर संपली, पुढची गाडीसाठी राखीव, याचसाठी तर एवढा खर्च केला होता.

रविवारी सकाळी सेल्फ मारला. नुसतं कट्. पुन्हा कट्. डॅशबोर्डचे दिवे मंद झाले. मेहुणा कपात चहा ओतत होता, मान वर न करता म्हणाला, ‘‘दाजी, दुसरी बॅटरी ह्याच्यासाठीच घेतली होती ना?’’

त्याला उत्तर देण्याआधी माझी नजर दुकानदाराने कौतुकाने बसवून दिलेल्या दुहेरी मीटरकडे गेली. वरचा आकडा पुढच्या बॅटरीचा, खालचा मागच्या बॅटरीचा. वर ११.६. खाली ११.६. मी पंखा चालू केला. ११.५, ११.५. बंद केला, दोन्ही पुन्हा ११.६. दोन वेगळ्या बॅटऱ्या, एक सेल्फ मारायची आणि एक डीप सायकल, वय वेगळं, क्षमता वेगळी, आणि दशांशापर्यंत एकाच तालात वरखाली होतायत? तिथेच डोक्यात लख्ख उजेड पडला. बॅटऱ्या वेगळ्या नव्हत्याच. सोसायटीच्या गच्चीवरच्या दोन टाक्यांना मधला वॉल्व्ह न बसवता पाइप जोडावा, तसा प्रकार झाला होता. मागून उपसलं तेवढं पुढूनही गेलं.

भाजीची खेप टाकून परत निघालेला एक बोलेरो पिकअपवाला थांबला. त्याने आधी जंपर केबल लावून पाहिली, पण माझी मागची रिकामी बॅटरीच त्याचा करंट पीत होती. मग दहाच्या पान्याने आयसोलेटरच्या डब्याचं झाकण काढलं. आत रिले होता, निळा दिवा होता, स्टिकर होता. आणि दोन्ही जाड केबलींचे थिंबल, म्हणजे टोकाच्या कड्या, एकाच बोल्टवर, एकावर एक, वर नट आवळलेला. दुसऱ्या बोल्टला काहीच नाही, त्याचे आटेही कोरे. बोलेरोवाला हसला. म्हणाला, ‘‘ह्यो डबा निस्ता शोभेला हाय, भाऊ.’’ मागची केबल सोडवली, त्याचं इंजीन थोडा वेळ चालू ठेवून माझी पुढची बॅटरी चार्ज केली, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. पैसे घ्यायला तयार नव्हता. ज्याने घेतले, त्याला एक बोल्ट सोडून दुसऱ्यावर थिंबल लावणं जमलं नाही.

पुढच्या गोष्टीने माझी खरी झोप उडाली. गाडी घरी आल्यावर केबलचा मागोवा घेतला. बोनेटमधून केबिनच्या पत्र्यातून जिथे ती आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट नाही. पत्र्याच्या धारेवर घासून आवरण फाटलेलं, आतल्या तारा डोकावतायत. फ्यूज फक्त पुढे. म्हणजे तिथे शॉर्ट झाला असता, तर पुढचा फ्यूज उडूनही मागची बॅटरी हजारभर अँपिअर त्या तारेत ओतत राहिली असती, आणि त्याच केबिनमध्ये मुलं बसली होती. हे एवढं तरी पाठ करा: दोन बॅटऱ्यांमधल्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज हवा, आणि प्रत्येक आपापल्या बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज असतो केबल जळू नये म्हणून, त्यामुळे त्याचा आकडा केबलच्या कुवतीवरून ठरवायचा. ‘‘तीसचा नव्हता, म्हणून शंभरचा टाकला’’ हे वाक्य मी स्वतः ऐकलंय.

केबलही भलतीच निघाली. पातं घेऊन एक तार खरवडली तर आत पांढरी. वर तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. (उलटं असेल, म्हणजे वर चंदेरी कल्हई आणि आत लाल तांबं, तर ती चांगली.) जाडी सहा एमएम. शुद्ध तांब्याची सहा एमएम केबल सहा मीटर नेली आणि २५ अँपिअर वाहवले तर जातानाच जवळजवळ अर्धा व्होल्ट पडतो. ॲल्युमिनियमच्या पोटाची असेल तर त्याहून जास्त. सोळा एमएममध्ये पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला १४.४च्या आसपास व्होल्टेज लागतं, तिथे अर्धा व्होल्ट गमावणं म्हणजे ती कायम अर्धपोटी ठेवणं.

फोन केला. पहिल्या दिवशी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी ‘‘सर, तुमचा फ्रीजच जास्त खातो.’’ मी हिशेब सांगितला: उन्हाळ्यात दिवसाला तीस-पस्तीस अँपिअर-अवर, मागची बॅटरी शंभरची. जास्त खाल्लं असतं तरी मागची रिकामी व्हायला हवी होती, पुढची का झाली? मग, ‘‘पोरगा नवीन होता.’’ मग फोटो पाठवल्यावर खरं बाहेर आलं: ‘‘रिले सारखा टकटक करत होता सर, तुम्हीच म्हणाला असता आवाज येतोय. म्हणून डायरेक्ट केलं. सगळे असंच करतात.’’ म्हणजे मी आधी जे सांगितलं होतं तेच घडलं, ते त्यांना दिसलं, आणि चार्जर लागेल हे मला कळवण्याऐवजी त्यांनी डब्याला झाकण लावलं. वर, ‘‘नेटवर वाचून आलेलं गिऱ्हाईक आम्हाला शिकवतं.’’ भरपाई म्हणून काय देऊ केलं? गाडीला मोफत पॉलिश.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, तेव्हा आवाज मऊ झाला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही त्याला ऐकवलं. अर्धे पैसे परत आले.

काम पुन्हा भोसरीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. पंचवीस अँपिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर, इग्निशनची वेगळी वायर, सोळा एमएम तांबं, हायड्रॉलिक क्रिम्पने दाबलेले थिंबल. हातोड्याने ठोकलेले थिंबल धक्क्यांनी ढिले होतात आणि ढिला सांधा तापतो. मागच्या बॅटरीची निगेटिव्ह त्याने पुढच्या बॅटरीच्या पोलवर न नेता चेसिसला घेतली. अशा गाड्यांत त्या पोलवर करंट मोजणारा सेन्सर बसलेला असतो. त्याला वळसा पडला, तर ईसीयूला मागे किती करंट जातोय ते कळतच नाही. हे त्याने न विचारता सांगितलं. माणूस ओळखायची तीच खूण.

लिथियम घ्यायची असेल तर ती अल्टरनेटरला थेट जोडूच नका. मिळेल तेवढा करंट ती ओढते, आणि गाडी जागेवर सुरू असताना अल्टरनेटरचा पंखा हळू फिरत असतो, त्यामुळे तो तापून जातो. स्पितीला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हेही बघावं की ती शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर हौद्यात टाकू का, असं बरेच जण विचारतात. टाकू नका. ॲसिड सांडतं, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि पन्नासेक किलोचं ते धूड ब्रेक मारल्यावर कुठे जाईल ते तुम्हीच ठरवा. कुठलीही बॅटरी असो, तिचा ट्रे बोल्टने बसवा, नुसत्या पट्ट्यावर विसंबू नका. विमा कंपनीला कळवून जादा विद्युत उपकरणांसाठीच्या आयएमटी २४ची नोंद पॉलिसीवर करून घ्या. ओळखीच्या ओळखीने दुकान निवडू नका. फोटो काढून ठेवा, सगळ्याचे.

आणि पैसे द्यायच्या आधी, दुकानाच्या दारातच, इंजीन बंद करून मागे फ्रीज किंवा एखादा मोठा दिवा लावा आणि मीटरसमोर बसा. चार्जर असेल तर इग्निशन बंद होताच दोन आकड्यांच्या वाटा वेगळ्या व्हायला हव्यात. रिले असेल तर थोडा वेळ दोन्ही बरोबरीने उतरतील, मग १२.८च्या आसपास टक् होऊन वरचा आकडा थांबला पाहिजे. नाही थांबला, तर दहाचा पाना मागा. मालक घाई करेल, पुढचं गिऱ्हाईक उभंय म्हणेल, चहा मागवेल. चहा प्या, पण डबा उघडायला लावा.

माझे उरलेले अर्धे पैसे अजून यायचेत. पॉलिशचं कूपन मात्र व्हॉट्सॲपवर दोनदा आलंय.