सोन्याचा कस

बालमित्रांनो, सणाला आई-आजी सोन्याचा दागिना घालतात. तो पिवळाधमक दिसतो. पण दिसण्यावरून त्यात सोने किती ते कळत नाही. ते कसे मोजतात, त्याची माहिती मी देत आहे.

शुद्ध सोने फार मऊ असते. त्याची बांगडी लगेच वाकते. म्हणून सोनार त्यात तांबे, चांदी मिसळतात. दागिन्याचे २४ भाग धरतात. सगळे भाग सोन्याचे असले तर ते २४ कॅरट. २२ कॅरटमध्ये २२ भाग सोने व २ भाग दुसरा धातू. १८ कॅरटमध्ये १८ भाग सोने व ६ भाग दुसरा धातू.

आता हिशेब करू. दोन साखळ्या आहेत. दोन्हींचे वजन १२ ग्रॅम.
२२ कॅरटच्या साखळीत सोने ११ ग्रॅम.
१८ कॅरटच्या साखळीत सोने ९ ग्रॅम.
तराजूत सारख्या, पण सोन्यात २ ग्रॅमचा फरक!

कस पाहण्याच्या रीती :

१) कसोटी : हा काळा गुळगुळीत दगड असतो. त्यावर दागिना घासून रेघ ओढतात. शेजारी माहीत असलेल्या सोन्याची रेघ ओढतात. मग तेजाब लावतात. तांब्याची रेघ निघून जाते, सोन्याची राहते. यावरूनच ‘कसोटीला उतरणे’ असे म्हणतात.

२) आगीची परीक्षा : सोन्याचा तुकडा वजन करून शिशाबरोबर खास वाटीत खूप तापवतात. शिसे तांब्याला घेऊन वाटीत मुरते. चांदी तेजाबात विरघळवतात. उरते ते नुसते सोने. त्याचे परत वजन करतात. ही रीत सर्वांत अचूक आहे.

३) क्ष-किरण यंत्र : यात दागिना तोडावा लागत नाही. पण यंत्राला वरचाच थर दिसतो.

तपासलेल्या दागिन्यावर हॉलमार्क असतो. त्यात भारतीय मानक ब्युरोची खूण आणि शुद्धतेचा आकडा असतो. ९१६ म्हणजे १००० भागांत ९१६ भाग सोने, म्हणजेच २२ कॅरट. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांकही लागतो. तो मोबाईलवर ‘बीआयएस केअर’मध्ये तपासता येतो.

पालकांनो, पीक बुडालं की हाच दागिना मोडावा लागतो. तेव्हा पैसे कसाप्रमाणे मिळतात. म्हणून घेतानाच नुसतं वजन बघू नका, आकडा बघा आणि पक्की पावती घ्या.

सांगा पाहू : २४ ग्रॅमच्या १८ कॅरट पाटलीत सोने किती?
(उत्तर : १८ ग्रॅम)

– इयत्ता ४ थी