चूल, फुंकणी आणि पंखा : सामान्य विज्ञानाचा एक पाठ

प्रस्तावना : मुंबई उपनगरातील मढ हे समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव. दिवसा दर्याकडून येणारा खारा वारा आणि रात्री जमिनीकडून वाहणारा मतलई वारा तेथील मुलांच्या परिचयाचे असतात. तापलेल्या जमिनीवरील हवा हलकी होऊन वर चढते व तिच्या जागी समुद्रावरील थंड हवा येते, हे मुलांकडून काढून घ्यावे. पाणी तापविण्याच्या बंबातही हेच घडते. मधल्या नळीतून तप्त हवा वर जाते आणि खालून ताजी हवा आपोआप ओढली जाते. साध्या चुलीस अशी नळी नसते, म्हणून तिला फुंकणी लागते. लोहाराचा भाता आणि चुलीस लावावयाचा विजेचा पंखा हे फुंकणीचेच मोठे भाऊ होत.

हेतुकथन : शिक्षकाने प्रश्न टाकावा : ‘फुंकर घातली की दिवा विझतो, मग चूल का पेटते?’ उत्तर लगेच सांगू नये.

प्रयोग : हे प्रयोग शिक्षकाने स्वतः करावेत.

१. पेटत्या मेणबत्तीवर कंदिलाची काच बशीस घट्ट टेकवून ठेवावी. ज्योत मंदावते व बहुधा विझते. मेणबत्ती पुन्हा पेटवून तीच काच दोन पेन्सिलींवर उचलून ठेवावी. आता ज्योत स्थिर राहते. फटीजवळ उदबत्ती धरल्यास तिचा धूर आत ओढला जाताना दिसतो.

२. मेणबत्ती विझवून तिच्या वातीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुराजवळ तत्काळ जळती काडी न्यावी. ज्योत धुरावाटे उडी घेऊन वातीस पुन्हा लागते. धूर म्हणजे न जळालेले इंधन, हे मुलांस डोळ्यांनी पटते.

विवेचन : फुंकरीने मेणबत्तीची वाफ ज्योतीपासून दूर उडते व ज्योत थंड होते. चुलीतील निखाऱ्यांत मात्र उष्णतेचा साठा असतो. त्यांना उणीव असते ती प्राणवायूची. हवेत तो सुमारे २१ टक्केच असतो. शिवाय सुके लाकूड तापले की त्याचा बराच मोठा भाग वायुरूप होतो व थोडाच कोळसा उरतो. म्हणून चांगल्या पंख्याच्या चुलीत हवा दोन ठिकाणी सोडतात : तळाशी निखाऱ्यांसाठी आणि वरच्या भोकांतून धूर जाळण्यासाठी. हवा कमी पडली तर धूर होतो. अधिक झाली तर तीच उष्णता घेऊन निघून जाते व ठिणग्या उडतात. यास्तव पंख्याचा वेग कमीजास्त करण्याची सोय असावी. लाकूड ओले असेल तर पंखाही फारसा उपयोगी पडत नाही, कारण आधी पाणी आटविण्यातच उष्णता खर्च होते.

उपयोजन : भारतीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार पंख्याविना सुधारलेल्या चुलीची उष्णता-कार्यक्षमता किमान २५ टक्के व पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के हवी. पहिलीस १० किलो लाकूड लागत असेल, तर त्याच कामास दुसरीस किती लागेल? (सुमारे ७.१ किलो.) गणित व विज्ञान यांचा असा सांधा जुळवावा.

ज्या घरी गॅस आहे तेथील मुलांनी शेगडीची निळी ज्योत पाहावी. तेथेही वायूत हवा आधीच मिसळलेली असते.

दक्षता : वाळत घातलेल्या नायलॉनच्या जाळ्यांजवळ पंख्याची चूल पेटवू नये. पदर व वेण्या आवरून घ्याव्यात. विजेची तार ओल्या जागी नसावी. जुन्या होडीच्या रंगविलेल्या फळ्या किंवा समुद्रातून वाहून आलेले खारे लाकूड जाळू नये. त्यांचा धूर विषारी असतो. पंखा असला तरी खोलीत हवा खेळती हवीच.

समारोप : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. चुलीपुढे बसणारी आई आणि तिच्या मांडीवरील मूल यांनाच हा धूर सर्वाधिक सोसावा लागतो. अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत धुराड्याची ‘मगन चूल’ घडविली, तीही याच चिंतेतून. तथापि ‘तुझ्या आईची चूल वाईट’ असे मुलास कधीही वाटू देऊ नये. लाकूड वाळवून, बारीक फोडून, थोडे थोडे घालावे आणि निखाऱ्याखाली हवेस वाट ठेवावी, एवढे शिकून मूल घरी गेले व आईच्या हाताशी लागले, तर हा पाठ सफल झाला असे समजावे.

स्वाध्याय : घरच्या चुलीचे किंवा शेगडीचे चित्र काढून हवा कोठून येते व कोठून जाते ते बाणांनी दाखवा.