पाणी नसताना कोण कसे जगते

आपला बीड जिल्हा कमी पावसाचा. 1972 चा दुष्काळ जुन्या माणसांना अजून आठवतो. 2019 साली गुरे चारा-छावणीत बांधावी लागली. माणसे ऊस तोडायला परमुलखात जातात. झाडाला पाय नाहीत, ते कुठे जाणार? तरी ते तगते. कसे, ते पाहू या.

बालाघाटच्या डोंगरात सीताफळ आपोआप उगवते. त्याला कोण पाणी घालतो? झाडाचे पाणी जाते ते पानांतून. पानाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. त्यांतून वाफ निघून जाते. म्हणून उन्हाळ्यात सीताफळ पानेच टाकून देते. नुसत्या काटक्या उरतात. आपण म्हणतो, वाळले. पण ते झोपलेले असते! पुढे पालवी फुटते, फुले येतात, आणि दिवाळीच्या सुमारास फळ. पाला इतका उग्र की शेळीसुद्धा तोंड लावीत नाही. या बीडच्या सीताफळाला 2016 साली सरकारी मानांकन मिळाले.

बाभळीची रीत निराळी. पाने बारीक, मुळ्या खोल.

आम्हांला नवल वाटते ते बेडकाचे. काही बेडूक मागच्या पायांनी माती उकरून खाली जातात आणि पाऊस पडेपर्यंत तिथेच पडून राहतात. गोगलगायही मातीत शिरते आणि शंखाच्या तोंडाला पडदा लावून घेते. पाऊस पडला की बाहेर! 2022 साली हिनेच बीड-लातूरकडे सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली.

आता ज्वारीचे बघा. पावसाने ओढ दिली की ती पानांची सुरळी करते, वाढ थांबवते. पाऊस आला की पुन्हा वाढू लागते. पण इथे एक धोका आहे. पाण्यावाचून खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष साठते. कापल्यावर फुटलेल्या धुमाऱ्यांतही असते. भुकेली गाय अशा रानात शिरली, तर तिला धाप लागते, तोंडाला फेस येतो, ती आडवी पडते. कधी कधी घटकाभरात मरते. दुष्काळात चारा नाही म्हणून असे रान चारायचा मोह होतो. तसे करू नका. ज्वारी फुलोऱ्यात येऊ द्या. नीट वाळलेल्या कडब्याची एवढी भीती नसते. आणि गुराने खाल्लेच, तर घरगुती उपाय करीत बसू नका. गुरांच्या डॉक्टरला लगेच बोलवा. त्यावर इंजेक्शन आहे, पण वेळ फार थोडा मिळतो.