उधार बुडाली नाही, तरी तोटा कसा?

आपल्या औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिटी चौक ते शहागंज चालत गेले, तर उधारीची वही नसलेले दुकान क्वचितच सापडेल. उधार बुडण्याची भीती आपल्या व्यापारी बंधूंना शिकवावी लागत नाही. परंतु उधार बुडालेली नसतानाही तोटा होतो. मोठ्या गुंतवणूक बँकांत कर्जरोख्यांची खरेदी-विक्री करणारे याच तोट्याशी रोज झुंजतात.

समजा, वर्षाला ८ टक्के देणारा, ५ वर्षांचा, १ लाखाचा रोखा आपण घेतला. उद्या त्याच कंपनीकडून लोक ९ टक्के मागू लागले, तर आपला रोखा पूर्ण किमतीत कोण घेईल? हिशेबाने त्याचे सुमारे ९६,११० रुपये येतात. कंपनीने एक पैसाही बुडवला नाही, तरी ३,८९० रुपये गेले. मुदत १ वर्ष असती तर तोटा ९०० च्या आसपास, १० वर्षे असती तर ६,४०० च्या वर. (आमचे अनेक वाचक व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहतात. पण आपण ज्यांना माल देतो, त्या कंपन्या याच बाजारातून पैसा उभारतात, म्हणून हे गणित त्यांनीही पाहावे.)

मुंबईचे उदाहरण ताजे नसले तरी बोलके आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएसने देणी थकवली आणि बाजार धास्तावला. त्याच महिन्यात डीएसपी म्युच्युअल फंडाने डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे सुमारे ३०० कोटींचे रोखे ११ टक्क्यांच्या परताव्याने, म्हणजे स्वस्तात, विकले. तोवर डीएचएफएलने कोणाचे देणे चुकवले नव्हते. तरी २१ सप्टेंबरला तिचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून अधिक कोसळला. देणी प्रत्यक्षात थकली ती जून २०१९ मध्ये!

म्हणून जाणत्या बँका खरेदीभाव कवटाळून बसत नाहीत. रोज संध्याकाळी प्रत्येक रोखा बाजारभावाने मांडतात. दर थोडा वाढला तर किती रुपये जातील, याची मर्यादा आधीच ठरलेली असते. एका कंपनीत किती गुंतायचे, तेही ठरलेले असते. मर्यादा सांभाळणारा माणूस मात्र सौदे करणाऱ्याच्या हाताखालचा नको. २०१२ मध्ये जेपी मॉर्गनच्या लंडन कचेरीत मर्यादा ओलांडली, तेव्हा मोजण्याची पद्धतच बदलली गेली आणि कागदावर जोखीम निम्म्यावर आली. तोटा ६०० कोटी डॉलरांच्या वर गेला.

वाळूजच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या आपल्या कारागिरांना हे परके नाही. कारखान्याने मान्य केलेली बिले आता ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेत बोलीवर विकता येतात. बट्टा मुख्यतः कारखान्याच्या पतीवर ठरतो. बाकी बाजार स्थिर असताना एकाच कारखान्याच्या बिलांवरचा बट्टा महिन्यागणिक चढत असेल, तर पुढची मोठी ऑर्डर घेण्याआधी जुनी बिले मोकळी करावीत, असे आम्हाला वाटते.