पहिली डिस्क कधी गेली?

१. अनेक डिस्क जोडून एक केलेला संच, म्हणजे ॲरे, एका रात्रीत जात नाही. गेलेला डेटा परत मिळवून द्या म्हणून मला फोन मात्र नेहमी ‘अहो, कालपर्यंत सगळं व्यवस्थित होतं’ असाच येतो. उघडून पाहावं तर काल गेली ती दुसरी डिस्क. पहिली कधीच गेलेली. रेड-५ या प्रकारच्या ॲरेत एका डिस्कवरचा मजकूर बाकीच्यांवरून गणिताने काढता येतो, त्यामुळे एक गेली तरी ऑफिसात कुणाला पत्ता लागत नाही. डिस्कच्या डब्याची बीप-बीप कटकट म्हणून कुणीतरी बंद केलेली असते. इशाऱ्याच्या ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर इमानेइतबारे जात असतात. बिघाड लपवण्यात ही व्यवस्था इतकी पटाईत, की कधीकधी मला तिचं कौतुकच वाटतं.

२. त्यामुळे कोणती डिस्क कधी बाहेर पडली, ते मी सगळ्यात आधी शोधतो. लिनक्सच्या ॲरेत प्रत्येक डिस्कवर ‘इव्हेंट काउंट’ नावाचा एक वाढता आकडा असतो. बाहेर पडलेल्या डिस्कचा आकडा तिथेच थांबतो. थोडी मागे राहिलेली डिस्क जबरदस्तीने जोडून घेता येते. हजारोंनी मागे असलेली दिसायला कितीही ठणठणीत असो, तिला आजची समजून जोडणं म्हणजे सहा महिने रजेवर असलेल्या कारकुनाला आजची रोकड विचारणं. फोल्डर दिसतात, नावं दिसतात, आत खिचडी. गंमत म्हणजे ती खरोखरच ठणठणीत असू शकते. साधी डेस्कटॉपची डिस्क एखाद्या खराब सेक्टरशी बराच वेळ झटत बसते, लिनक्स साधारण ३० सेकंदांत वैतागतं आणि तिची हकालपट्टी होते.

३. हातावर हात ठेवून बसण्याचे पैसे मिळतात, यावर घरी कुणाचा विश्वास बसत नाही. पण खरं काम तेच. ग्राहकाला नवी डिस्क घालून लगेच ‘रिबिल्ड’ हवं असतं. त्यात उरलेली प्रत्येक डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते, आणि त्या बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच थकलेल्या असतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १०^१४ बिटांमागे एक न वाचता येणारी चूक धरलेली असते, म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटला एक. प्रत्यक्षात त्या बऱ्याचदा याहून चांगल्या वागतात. भरवसा मात्र मी ठेवत नाही. आधी डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने प्रत्येकीची नक्कल. ते सोपा भाग आधी उचलतं, खराब जागा नंतरसाठी ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं. मी चहा पीत टक्केवारी बघतो. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर.

४. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू का, असं अजून विचारतात. नको. आत बाष्प धरतं. आणि डिस्क टक्‌-टक्‌ वाजत असेल तर मीही हात जोडतो. ते काम क्लीन रूमवाल्यांचं.

५. डिस्कचा क्रम किती मोलाचा, हे एका लग्नाच्या फोटोने मला शिकवलं. एका स्टुडिओने चारही डिस्क काढून, फडक्याने पुसून, टेबलावर ओळीत मांडल्या होत्या. कोणती कुठल्या खाचेतली, देव जाणे, आणि जुन्या कंट्रोलरची नोंद वाचता येईना. चार डिस्कचे क्रम होतात २४. केवळ वाचण्यापुरती जुळणी करायची आणि एखादा मोठा फोटो उघडायचा. वर मांडवाची झालर स्वच्छ, खाली नवरीच्या कपाळापासून सगळं करडं. दुसरा क्रम. या वेळी मुंडावळ्या दिसल्या, पण हार उजव्या कडेला सरकलेला. पुढे कधीतरी आख्खी नवरी दिसली, तेव्हा तिच्या वडिलांपेक्षा मला जास्त भरून आलं असावं. आता कुणाचाही डबा उघडण्याआधी मी मार्कर मागतो.

६. बॅकअप विचारला की उत्तर येतं, ‘रेड आहे की!’ बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये रेडचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हाच त्यांचा हिशेब स्पष्ट होता: डिस्क जितक्या जास्त, तितकं कुठली तरी जाण्याचं प्रमाण जास्त, म्हणून जादा डिस्कचा आधार. चुकून उडवलेली फाइल मात्र ॲरे तितक्याच तत्परतेने सगळ्या डिस्कवरून उडवतो.

७. पूर्वी मी सगळंच्या सगळं परत आणण्याच्या ईर्ष्येने बसायचो. हल्ली खर्चाचा आकडा सांगण्याआधी नेमकं काय हवंय ते विचारतो. थोडा वेळ शांतता. मग बहुतेक वेळा टॅलीच्या एका फोल्डरचं नाव येतं, पेनड्राइव्हवर सहज मावणाऱ्या.